प्रेझेंटेशन चालू असताना ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं?

हल्ली एआयला दोन ओळी लिहून दिल्या की वीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन मिनिटाभरात हातात येतं. रंगसंगती नीट, चित्रं जागच्या जागी, इंग्रजी बिनचूक. तरीही मीटिंगा पूर्वीइतक्याच लांबतात आणि 'बघू, पुढच्या आठवड्यात बोलू' यावर संपतात. स्लाइड बनवणं हेच खरं अवघड काम असतं, तर ते सुटल्यावर काहीतरी फरक पडायला हवा होता.

हा विषय आता बड्या कंपन्यांतल्या मॅनेजरांपुरता राहिलेला नाही. चाकणच्या कारखान्यातला क्वालिटी इंजिनियर परदेशातल्या ग्राहकाला ऑनलाइन रिपोर्ट देतो. कर्जासाठी बँकेत गेलेल्या उद्योजकाला आपला प्रकल्प मांडून दाखवावा लागतो. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात 'तूच प्रेझेंट कर' असं सांगितलं जातं, आणि हे कसं करायचं ते तिला कुणी कधी शिकवलेलं नसतं. 'ताठ उभे राहा, हसतमुख राहा' एवढ्या सल्ल्यावर तिचं भागत नाही. म्हणून मुळापासून सुरुवात करू. आपण बोलत असताना समोरच्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे कळलं की बाकीचं बरंच काही आपोआप सुचतं.

आधी ठरवा, त्यांनी काय करायचंय

बिझनेस प्रेझेंटेशन संपल्यावर कुणीतरी काहीतरी ठरवायचं असतं. पैसे मंजूर करायचे, पुरवठादार बदलायचा, तारीख पुढे ढकलायची, किंवा 'आहे तसंच चालू द्या' म्हणायचं. त्यामुळे पॉवरपॉइंट उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ही मीटिंग संपल्यावर अमक्यांनी तमक्या गोष्टीला हो म्हणावं, कारण असं असं. हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून प्रेझेंटेशनची वेळ आलेली नाही. नुसती माहिती कळवायची असेल तर मेल पुरेसा आहे, लोकांचा तासही वाचतो.

समजा, एका कारखान्यात सुट्या भागांचं रिजेक्शन वाढलंय. इंजिनियरने सहा महिन्यांचे आकडे तपासून कारण शोधलंय: मशीन नंबर दोनचं फिक्स्चर, म्हणजे काम चालू असताना भाग घट्ट धरून ठेवणारी पकड, झिजलंय. नेहमीच्या पद्धतीने केलेलं प्रेझेंटेशन असं जातं: कंपनीची ओळख, अजेंडा, प्रस्तावना, तपासणीची पद्धत, शिफ्टनुसार आकडे, मशीननुसार आकडे, आणि अठराव्या स्लाइडवर निष्कर्ष. तोवर प्लांट हेडना दोन फोन येऊन गेलेले असतात.

तोच इंजिनियर पहिल्याच वाक्यात असंही म्हणू शकतो: "साहेब, रिजेक्शन सहा टक्क्यांवरून दोनवर आणता येईल. त्यासाठी मशीन नंबर दोनचं फिक्स्चर बदलायला लागेल, खर्च साडेतीन लाख. त्याची मंजुरी आज हवी आहे." यानंतर साहेबांच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहतो, 'कशावरून?' आता तेच आकडे ते कान देऊन ऐकतात, कारण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर झालेले असतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो. वरिष्ठांसमोर असं थेट मागणं उद्धटपणाचं वाटणार नाही का? शाळेत निबंधापासून आपल्याला आधी प्रस्तावना लिहायची सवय लागलेली असते, आणि मोठ्यांपुढे मुद्द्यावर यायला वेळ लावणं हा नम्रपणा मानला जातो. पण ज्यांच्या दिवसात आठ मीटिंगा आहेत, त्यांना आपण काय मागतोय हे पहिल्या मिनिटात सांगणं हाच त्यांचा मान ठेवणं आहे. नम्रता आवाजात ठेवता येते, त्यासाठी मुद्दा लांबवायची गरज नाही.

एक स्लाइड, जी चौकशी अहवालात छापली गेली

१६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया यान अवकाशात झेपावलं. कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटला आणि डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच इंजिनियरांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे तो स्लाइड्सवर मांडला. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान वातावरणात तुटलं. सातही अंतराळवीर गेले.

अपघाताच्या चौकशी मंडळाने त्या प्रेझेंटेशनमधली एक स्लाइड आपल्या अहवालात छापली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिचं ओळ न् ओळ विश्लेषण केलं होतं, तेही सोबत दिलं. स्लाइडचं शीर्षक सांगत होतं की चाचण्यांवरून काढलेला अंदाज सावधगिरीच्या बाजूचा आहे. वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा, असं ते शीर्षक. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे आणि उपमुद्द्यांचेही उपमुद्दे, अक्षर उतरत्या क्रमाने बारीक होत गेलेलं. 'लक्षणीय' अशा अर्थाचा एकच शब्द पाच वेळा आला होता, पण लक्षणीय म्हणजे किती ते सांगितलेलं नव्हतं. आणि तळाशी, सगळ्यात शेवटी, खरी बातमी होती: चाचण्यांमध्ये वापरलेला तुकडा ३ घन इंचाचा होता, आणि पंखावर आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचाचा. म्हणजे ६४० पट मोठा. याचा सरळ अर्थ असा की हातात असलेल्या चाचण्यांवरून या धडकेबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नव्हतं. शीर्षक नेमकं याच्या उलट धीर देत होतं.

अपघात स्लाइडमुळे झाला नाही, फोममुळे झाला, आणि नासाच्या कारभारातल्या कितीतरी गोष्टी मंडळाने दोषी ठरवल्या. पण एखादा वरिष्ठ अधिकारी ही स्लाइड वाचूनही प्रश्न जीवनमरणाचा आहे हे ओळखणार नाही, हे सहज समजण्यासारखं आहे, असं मंडळाने नमूद केलं. तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड्स वापरण्याची सवय नासात सगळीकडे पसरली होती, तिच्यावरही मंडळाने बोट ठेवलं.

मला या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की इंजिनियरांनी काहीही लपवलं नव्हतं. आकडे स्लाइडवर होते. फक्त ते अशा जागी होते जिथे नजर पोहोचेपर्यंत वाचणाऱ्याने आपलं मत बनवून टाकलेलं असतं. 'मी सगळं लिहिलं होतं की!' हे वाक्य आपल्याही ऑफिसात रोज ऐकू येतं.

डोक्यात एका वेळी मावतं किती?

नवीन माहिती ऐकली की आपण ती आधी काही सेकंद डोक्यात धरून ठेवतो आणि जुन्या माहितीशी जोडून पाहतो. या तात्पुरत्या जागेला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. ही जागा फार थोडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिथे सातच्या आसपास गोष्टी मावतात असं म्हटलं होतं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. बारा मुद्द्यांची स्लाइड एकदम समोर आली तर बहुतेक मुद्दे दाराबाहेरच राहणार.

त्यात आणखी एक अडचण आहे. वाचणं आणि ऐकणं, दोन्हीसाठी मेंदूची भाषेची यंत्रणा लागते. पडद्यावर एक वाक्य आणि तुमच्या तोंडी वेगळं वाक्य असेल, तर ऐकणारा दोहोंपैकी एक सोडून देतो, आणि बहुधा सोडतो ते तुमचं बोलणं. तुम्ही स्लाइडच जशीच्या तशी वाचून दाखवली तरी सुटका नाही. मनातल्या मनात वाचणं बोलण्यापेक्षा जलद होतं, त्यामुळे लोक शेवटच्या ओळीवर पोहोचून तुमची वाट बघत बसतात.

पंगतीत चांगला वाढपी काय करतो? पानाकडे बघतो, घास संपत आला की पुढचं वाढतो, नको असेल तिथे थांबतो. वरण, भाजी, जिलबी एकाच वेळी पानावर ओतत नाही. बोलणाऱ्याची नजरही अशीच समोरच्या पानावर हवी.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. एका स्लाइडवर एकच म्हणणं, आणि ते शीर्षकात पूर्ण वाक्याने लिहिलेलं. 'रिजेक्शन विश्लेषण' हे कपाटातल्या फाइलवर शोभणारं नाव आहे. 'निम्म्याहून जास्त रिजेक्शन एकट्या मशीन नंबर दोनचं आहे' हे म्हणणं झालं. आलेखात पाच स्तंभ असतील तर चार करडे ठेवा आणि ज्याच्याबद्दल बोलताय तेवढाच रंगवा. सहा रंगांचा आलेख दाखवून 'इथे तुम्हाला दिसेलच' म्हणू नका, दिसत नाही. आणि लोकांनी पडद्याकडे नव्हे, तुमच्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' बटण दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. एवढ्या साध्या कृतीने खोलीतलं लक्ष कसं एका क्षणात तुमच्याकडे वळतं, ते एकदा करून बघाच.

"पण आमच्या साहेबांना सगळी माहिती एकाच ठिकाणी लागते"

बरोबर आहे त्यांचं. निर्णय घेणाऱ्याला तपशील लागतोच, आणि कोलंबियाची गोष्ट तपशील गाळल्याची नव्हे, तो चुकीच्या जागी ठेवल्याची आहे. तपशील निवांत वाचायचा असतो, स्लाइड तीन सेकंदांत समजायला हवी. ही दोन वेगळी कामं एकाच फाइलवर लादली की धड वाचता येत नाही आणि धड बघताही येत नाही, असं काहीतरी तयार होतं.

ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढूनच टाकलं. त्याऐवजी जास्तीत जास्त सहा पानांचं, सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण आणायचं. मीटिंगच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात आणि मग चर्चा होते. सलग वाक्यं लिहिताना 'म्हणून', 'कारण', 'तरीही' हे जोडावेच लागतात, आणि विचारातली फट तिथेच उघडी पडते. ठिपके देऊन लिहिलेल्या मुद्द्यांत ती झाकून जाते.

आपल्या ऑफिसात असं धोरण कुणी लगेच बदलणार नाही. पण दोन फाइली करणं आपल्या हातात असतं. आकडे, तक्ते, कोटेशन असलेलं तीन-चार पानांचं टिपण आदल्या दिवशी पाठवा किंवा छापून टेबलावर ठेवा, आणि पडद्यावर मोजक्या स्लाइड्स दाखवा. कुणी खोलात शिरलं की 'पान दोनवरचा तक्ता बघूया का, सर?' म्हणता येतं.

जे आपल्याला माहीत आहे, ते विसरणं कठीण

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली, बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्म्या वेळा तरी गाणं ओळखलं जाईल. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते.

सहा महिने एकाच प्रकल्पात बुडालेला माणूस प्रेझेंटेशन देतो तेव्हा असंच होतं. त्याची आद्याक्षरं, त्याच्या विभागातले शब्द, 'मागच्या वेळचा तो इश्शू', हे सगळं त्याच्यासाठी गाणं असतं. यावर खात्रीचा उपाय एकच: दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी, म्हणजे अकाउंट्समधल्या मॅडमना किंवा स्टोअरमधल्या सहकाऱ्याला, पाच मिनिटांत विषय सांगा आणि 'मी काय मागतोय?' एवढंच विचारा. उत्तर चुकलं तर दोष ऐकणाऱ्याचा नाही.

भीती वाटते, त्याचं काय?

भीती वाटणारच. इतकी माणसं एकदम आपल्याकडे बघत असताना छाती धडधडणं हे शरीराचं काम आहे. तिला घालवायच्या मागे लागण्याऐवजी तिच्याबद्दलच्या दोन गोष्टी जाणून घ्या.

पहिली, ती आपल्याला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलायला उभं राहण्याआधी काही जणांना एवढंच समजावून सांगितलं होतं की तुमची घबराट लोकांना तुम्हाला वाटतं तितकी कळत नाही. त्यांची भाषणं खरोखरच सरस झाली, आणि हे ऐकणाऱ्यांनीही म्हटलं. दुसरी, धडधडतं मन ऐन वेळी शांत करणं फार अवघड असतं, तीच धडधड उत्साह म्हणून घेणं त्यापेक्षा सोपं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात 'मी उत्साहात आहे' असं स्वतःला म्हणणाऱ्यांचं बोलणं, 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं ठरलं.

बाकीची भीती तयारीने उतरते. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची मागणी तोंडपाठ असू द्या. मधलं सगळं पाठ करू नका, एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करा; मनातल्या मनात केलेल्या सरावात जीभ कधीच अडखळत नाही, म्हणून त्याचा उपयोगही होत नाही. खोलीत पंधरा मिनिटं आधी जा, केबल तुमच्या लॅपटॉपला बसते का बघा, मागच्या खुर्चीवर बसून स्लाइड वाचता येते का बघा. आणि आकडा सांगितल्यावर थांबा. दोन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला लांबलचक वाटते, ऐकणाऱ्याला तेवढाच वेळ तो आकडा पचवायला मिळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली आणि आवाजाचा, शब्दांचा फक्त ७ टक्के' हे वाक्य प्रशिक्षणवर्गांत सर्रास ऐकवलं जातं. मुळात अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले ते प्रयोग भावनांपुरते होते. एखादा सुटा शब्द उच्चारताना आवाज, चेहरा आणि शब्द यांत विसंगती असेल तर लोक बोलणाऱ्याची आवडनिवड कशावरून ओळखतात, एवढाच प्रश्न होता, आणि इतरत्र हे आकडे लावू नयेत असं मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. तसं नसतं तर कानडी न येणाऱ्यालाही कानडी भाषण ९३ टक्के कळलं असतं. हात कुठे ठेवायचे याची चिंता करण्यात तयारीची संध्याकाळ घालवू नका.

"माझं इंग्रजी कच्चं आहे"

मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी हुशार माणसांना ही एकच गोष्ट मागे खेचते, आणि ते बघून फार वाईट वाटतं. आधी विचारून घ्या: मीटिंग इंग्रजीत असलीच पाहिजे का? खोलीत सगळे मराठी-हिंदी समजणारे असतील तर स्लाइड इंग्रजी आणि बोलणं मराठीत, असं अनेक कारखान्यांत आणि कार्यालयांत उघडपणे चालतं. विचारायला लाजू नये.

ग्राहक परदेशी असेल तर हे लक्षात ठेवा की जर्मन, जपानी किंवा कोरियन माणसासाठीही इंग्रजी शिकून घेतलेलीच भाषा आहे. त्याला छोटी वाक्यं आणि सावकाश बोलणं हवं असतं. फाडफाड इंग्रजी त्यालाही झेपत नाही. उच्चार आपल्या वळणाचे असले तरी चालतात, वेग मात्र आवरावा लागतो. आकडे, तारखा आणि भागांची नावं स्लाइडवर लिहिलेली असू द्या, म्हणजे ऐकण्यात चूक झाली तरी डोळ्यांना बरोबर दिसेल.

ऑनलाइन: चेहरे दिसत नाहीत, तेव्हा

खोलीत बोलताना आपण नकळत शेकडो खुणा वाचतो. कुणी मान हलवली, कुणी वहीत लिहून घेतलं, कुणी घड्याळ पाहिलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांपुढे यातलं काहीच मिळत नाही. म्हणून तिथे खुणा मागून घ्याव्या लागतात. तीन-चार मिनिटांनी थांबून, नाव घेऊन, नेमका प्रश्न विचारा: "कुलकर्णी मॅडम, ही डिलिव्हरीची तारीख तुमच्या टीमला जमेल का?" 'काही प्रश्न?' असं मोघम विचारलं की उत्तर शांतताच असतं.

त्या शांततेचा चुकीचा अर्थही काढू नका. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण पाव सेकंदाहूनही कमी वेळ जातो. इंटरनेटवर आवाज उशिरा पोहोचतो, शिवाय समोरच्याला म्यूट काढायचं असतं. जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की लाइनवर १.२ सेकंदांचा उशीर झाला तरी लोकांना समोरचा माणूस कमी आपुलकीचा, कमी लक्ष देणारा वाटतो, दोष यंत्राचा असला तरी. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि मगच पुढे जा.

खर्च करायचाच असेल तर कॅमेऱ्याआधी मायक्रोफोनवर करा. २०१८ मधल्या एका प्रयोगात एकच वैज्ञानिक व्याख्यान लोकांना चांगल्या आणि खराब आवाजात ऐकवलं. शब्द तेच असूनही खराब आवाज ऐकलेल्यांनी वक्त्याला आणि त्याच्या संशोधनालाही कमी लेखलं. साधा वायरवाला इअरफोन, बंद खिडकी आणि मिक्सर चालू नसलेली खोली, एवढ्यावर बरंच निभावतं. स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन न देता फक्त प्रेझेंटेशनची खिडकी द्या, नाहीतर घरच्या ग्रुपवरचे मेसेज ग्राहकाला दिसतात. फाइल आधीच सगळ्यांना मेल करून ठेवा आणि फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. पावसाळ्यात वीज गेली तर "पान चार उघडा, मी फोनवरून बोलतो" म्हणता येतं.

सगळ्यात कठीण प्रकार मिश्र मीटिंगचा: सहा जण खोलीत आणि चार जण पडद्यावर. खोलीतले एकमेकांत बोलू लागतात आणि पडद्यावरचे हळूहळू प्रेक्षक होतात. प्रत्येक मुद्द्यावर पहिली संधी पडद्यावरच्यांना द्या, आणि खोलीत कुणी विचारलेला प्रश्न माइकजवळ येऊन पुन्हा उच्चारा.

प्रश्न आले की घाबरायचं नाही

प्रश्न येणं याचा अर्थ ऐकणारा निर्णयाच्या जवळ आलाय. प्रश्न पूर्ण ऐका, आपल्या शब्दांत परत म्हणा, मग एका वाक्यात उत्तर द्या आणि त्यानंतर कारण. उत्तर माहीत नसेल तर अंदाजपंचे आकडा ठोकू नका. "नक्की आकडा आत्ता माझ्याकडे नाही, संध्याकाळी पाचपर्यंत मेल करतो" असं म्हणा आणि पाचच्या आत खरंच पाठवा. असं एकदा केलं की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यांवर कमी प्रश्न येतात.

वेळ कमी करण्यात आली तरीही तयारी असू द्या. वीस मिनिटं ठरलेली असतात आणि साहेब येऊन म्हणतात, "पाच मिनिटांत सांगा." मागणी सुरुवातीलाच ठेवलेल्या माणसाला यात काही अडचण येत नाही, तो फक्त कमी पुरावे दाखवतो.

आणि उत्तर 'नाही' आलं तर तिथेच आवराआवर करू नका. "कोणती गोष्ट असती तर हो म्हणता आलं असतं, सर?" असं सौम्यपणे विचारा. जे सांगितलं जाईल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि कोणता आकडा कधीपर्यंत आणायचा ते उठण्याआधी ठरवून घ्या.